आईच्या केसांतला गुंता

आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मी अलिबागला ऑफिसात होतो. बायकोचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाली, "आईंचं तोंड वाकडं झालंय आणि त्या बोलत नाहीयेत. मी गाडी बोलावलीय. तुम्ही घरी येऊ नका, थेट हॉस्पिटलात या." तिने तेव्हा पाच मिनिटंही घालवली नाहीत म्हणून आई वाचली, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तिथून आम्हाला पनवेलला पाठवलं आणि जवळजवळ चार आठवडे आई तिथेच पडून होती.

आई म्हणजे गावातल्या प्राथमिक शाळेतल्या बाई. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली, तरी रस्त्यात भेटणारी पन्नाशीची माणसंसुद्धा तिला पाहून सायकलवरून उतरायची. तिचे केस कमरेच्या खाली येत. सत्तरीतही बरेचसे काळे होते. रोज सकाळी आंघोळीआधी ती पडवीत बसून तेल लावायची, विंचरायची, वेणी घालून तिचा अंबाडा बांधायची आणि मग दिवस सुरू करायची. मी ते जन्मापासून पाहत आलो होतो, म्हणून कधी नीट पाहिलंच नव्हतं.

हॉस्पिटलात तिचे केस कुणी तरी डोक्यावर गोळा करून पट्टीने बांधले होते. ते लोक तिचा जीव वाचवण्यात गुंतले होते, त्यात केसांकडे बघायला कुणाला सवड असणार? आम्हालाही नव्हती. पहिले दहा दिवस तर आम्ही काचेच्या दाराबाहेर उभे. एसीची कोरडी हवा, उशीवर सतत घासणारं डोकं, तपासण्यांसाठी डोक्याला लावलेलं कसलं तरी चिकट मलम आणि घाम. आईला घरी आणून पट्टी सोडली तेव्हा मागचे सगळे केस एकमेकांत बसून त्यांची एक गादी झाली होती. हात लावला तर काथ्याच्या पायपुसण्यासारखं लागत होतं. समोरचे केस मोकळे होते, पण वाळलेल्या गवतासारखे. बोटात धरले की तुटायचे.

बायकोने दोन दिवस प्रयत्न केला. कंगव्याचे दात मोडले. पाण्याने भिजवून पाहिलं, तर गुंता आणखी घट्ट झाला. आईच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण ती तक्रार करू शकत नव्हती. उजवी बाजू लुळी होती आणि बोलणं पूर्ण गेलेलं होतं. कळत सगळं होतं. आम्ही बोललो की ती आमच्याकडे बघायची, तोंड उघडायची आणि काहीच बाहेर आलं नाही की डोळे मिटून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली, "अहो, कापूया. मलाही वाईट वाटतंय. पण त्या गाठीखाली कातडीला काही झालं तर आपल्याला कळायचंही नाही. केस काय, परत येतील."

तिचं म्हणणं बरोबर होतं. शेजारच्या काकू मात्र दारातूनच सांगून गेल्या होत्या की ही जट आहे, देवीची असते, तिला कात्री लावू नका. आमचा त्यावर विश्वास नव्हता. मी शिलाई मशीनच्या खणातून कात्री काढली आणि आईजवळ गेलो. "आई, हे थोडे कापतो गं. तुला हलकं वाटेल," असं काहीतरी म्हणालो.

आईने माझ्या हातातल्या कात्रीकडे पाहिलं आणि डावा हात उचलला. तो हात धड होता, पण अशक्तपणामुळे तेव्हा तिला जेमतेम उचलता यायचा. तो तिने सावकाश वर नेला आणि त्या गाठीवर ठेवला. तसाच ठेवला. मी कात्री खणात ठेवून आलो. पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीण मावशी आल्या. त्या थळच्या. गेली वीस-बावीस वर्षं आमच्या घरी मासळी घेऊन येतात. मासेमारी बंद झाली की पावसाळ्याच्या तोंडावर आगोटीचं बेगमीचं सामान म्हणून सोडे, बोंबील, सुकट अशी सुकी मासळी घेऊन एक फेरी करतात. त्या दिवशीही टोपली घेऊन मिनीडोर रिक्षातून उतरल्या आणि नेहमीच्या हाकेत म्हणाल्या, "बाई, सुकं आनलंय, या लवकर." आत काय झालंय ते त्यांना माहीत नव्हतं.

मी बाहेर जाऊन सांगितलं. त्यांनी टोपली पडवीत टेकवली, हातपाय धुतले आणि आत आल्या. आईच्या खाटेजवळ खाली बसल्या. आई त्यांच्याकडे बघत होती.  मग मावशींनी उठून आईच्या डोक्यामागे हात घातला, गाठ चाचपली, मान वाकवून वास घेतला.

"हे कापायला काडलं व्हतं का?" त्यांनी विचारलं.

बायको म्हणाली, "काढलं होतं, पण आई नको म्हणतात."

"मंग न्हाय कापायचं. जालं खडकात अडकून असंच येते, त्याला कोन कापत न्हाय. बसायचं, सोरवायचं. आता दोन महिने होरी किनाऱ्यावर वडलेली हाय, मला तरी काय काम हाय?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तेल कंचं हाय घरात?"

मी कपाटातली बाटली आणून दिली. दुकानातलं सुवासिक तेल होतं, हिरवट. मावशींनी तळहातावर थोडं घेतलं, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाल्या, "वास हाय निस्ता. हे केसात मुरायचं न्हाय. तुमच्या वाडीत एवढे नारल हायत ना रं बाला?"

सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला बाळा म्हणणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. मी म्हणालो, "आहेत. पण घाण्यावर द्यायला सुकं खोबरं लागेल."

"या पावसात खोबरं वालायचं न्हाय. दुधाचं काड. तुजी आई काडायची, तू बगितलं नसशील."

मी खरंच बघितलं नव्हतं. बघितलं असेल तर लक्षात नव्हतं. लहानपणी तेल निघाल्यावर तळाशी राहणारा तांबूस चोथा गुळाबरोबर खाल्ल्याचं मात्र आठवत होतं. मावशींनी कसं करायचं ते सांगितलं, बायकोने कागदावर लिहून घेतलं, आणि त्या संध्याकाळी मी दहा नारळ सोलले.

खवणीवर बसून दहा नारळ खवणं हे काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं. चौथ्या नारळाला अंगठा कापला. बायकोने न हसता पट्टी बांधली आणि उरलेले तिने खवले. कोमट पाणी घालून कीस कुस्करला, पंच्यात घालून पिळला, दूध रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी वर जाडसर साय आली होती. ती पातेल्यात घेऊन गॅसवर ठेवली आणि मला ऑफिसला जायची घाई म्हणून आच मोठी केली. पाचच मिनिटांत सगळं करपलं. घरभर भाजक्या नारळाचा वास. बायको म्हणाली, "तुम्ही रजा टाका, नाहीतर हे काम मला द्या."

मी रजा टाकली. पुन्हा नारळ, पुन्हा खवणी. दुसऱ्या खेपेला आच अगदी बारीक ठेवली आणि ढवळत बसलो. तासभर नुसते बुडबुडे. मग हळूहळू कडेने पारदर्शक तेल सुटू लागलं, चोथा आक्रसून तांबूस झाला आणि आवाज बदलला. गाळल्यावर पाऊण बाटली भरली. त्या तेलाला नारळाच्या वडीसारखा वास होता. मी बाटली आईच्या नाकाशी नेली. तिने डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि पुन्हा एकदा घेतला. घरी आल्यापासून तिला काहीतरी आवडलेलं आम्हाला पहिल्यांदाच दिसलं.

बायकोने डॉक्टरांना फोन करून विचारून ठेवलं होतं. त्यांनी सांगितलं, जखम नसेल तर तेल लावायला हरकत नाही, पण एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवू नका आणि मानेला आधार द्या. आम्ही तसंच केलं. बायको समोरून आईला धरून बसायची, मावशी मागे आणि मी मावशींच्या शेजारी.

पहिल्या दिवशी मावशींनी काहीच सोडवलं नाही. तेल कोमट करून ते गाठीत नुसतं जिरवत राहिल्या. वाटीभर तेल त्या गाठीने पिऊन टाकलं. वर जुनं सुती लुगडं गुंडाळलं आणि म्हणाल्या, "राहू दे. उद्या येत्ये." दुसऱ्या दिवशी गाठ तशीच होती, पण दाबली की थोडी दबत होती. मावशींनी कनवटीची बांबूची सुई काढली. जाळं शिवायची असते ती, टोकाला बोथट, वापरून वापरून गुळगुळीत झालेली.

"हे बघ," त्या मला म्हणाल्या, "खालच्या टोकाला सुरू करायचं. वरून ओढशील तर गाठ आवलंल. येक केस दिसला की त्याचा रस्ता बघायचा. तो कुटं जातोय ते बघून मंग त्याला काडायचा. घाई करनाऱ्यानं या कामाला बसू नये."

अर्ध्या तासात बोटभर केस मोकळे झाले. मला वाटलं होतं दोन-तीन दिवसांचं काम असेल. त्या वेगाने पावसाळा जाणार होता. मावशींना माझ्या तोंडावर ते दिसलं असावं. म्हणाल्या, "तू तुज्या हापिसात जा. मी हाय."

मी गेलो नाही. आठवडाभर रजा वाढवली आणि शिकलो. आधी फक्त तेलाची वाटी धरायचो. मग एका बाजूने मला बोटभर जागा दिली. माझी बोटं टायपिंगची, त्यांना काही कळेना. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक बट मी एकट्याने पूर्ण मोकळी केली. ती हातात धरून मी किती तरी वेळ बसलो होतो. लांब, तेलाने काळीभोर झालेली बट. आईच्या डोक्याला मी मोठेपणी कधी हात लावला होता? आठवेना. पाया पडलो होतो, औषधं आणून दिली होती, दवाखान्यात नेलं होतं. डोक्यावरून हात नव्हता फिरवला.

मावशी काम करताना सतत बोलायच्या. कुणाची होडी दुरुस्तीला आलीय, कुणाची सून पुण्याला गेली, बंदरावर यंदा किती चिखल आहे. आईशी त्या असं बोलायच्या की जणू आई उत्तरं देतेय. मधेच थांबायच्या, आईकडे बघायच्या, "व्हय ना?" म्हणायच्या आणि पुढे चालू. आम्ही दोघं आईशी बोलताना आवाज चढवून, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होतो. मावशींचं ऐकून ते आमच्या लक्षात आलं आणि आम्ही ते बंद केलं.

एकदा चहा पिताना मी त्यांना विचारलं, "मावशी, रोज एवढ्या लांबून येता, घरचं सगळं टाकून. तुम्हाला त्रास होत नाही?"

त्यांनी कपाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी पयल्यांदा या घरात आली तवा बाईंनी मला आत बसवून चा दिला. याच कपात. लोकं पायरीवर देतात, येगला कप ठेवतात, वास येतो म्हनतात. बाई माज्याशी मासलीवरून रोज भांडल्या, पन चा आतच दिला." एवढं बोलून त्यांनी कप विसळून पालथा घातला आणि कामाला लागल्या.

मी याच घरात राहत होतो आणि मला हे माहीत नव्हतं.

साधारण पंधरा दिवस झाले असतील. अर्धी गाठ सुटली होती. त्या सकाळी मावशी खाडीतल्या चिंबोऱ्या घेऊन आल्या, पाय सुतळीने बांधलेले मोठाले खेकडे. चिंबोरी घेण्याच्या बाबतीत आई फार चिकित्सक. चांदण्या रात्रींच्या दिवसांत चिंबोऱ्या आतून रिकाम्या असतात, अवसेला भरलेल्या. ती प्रत्येक चिंबोरी उलटी करून पोटाला अंगठ्याने दाबून बघायची आणि निम्म्या परत करायची. त्यावरून दोघींची वर्षानुवर्षं वादावादी.

मावशींनी एक चिंबोरी आईसमोर धरली. "बगा बाई, कशी भरलेली हाय. तुमच्यासाठीच येगली काडून ठेवली."

आईने डावा हात पुढे केला. चिंबोरी उलटी करायची खूण केली. मावशींनी उलटी केली. आईने अंगठ्याने पोट दाबलं, मावशींकडे पाहिलं, तोंड उघडलं. ओठ दोन-तीनदा हलले. 

"पो... पोकळ," आई म्हणाली.

शब्द जडच होता, पण स्पष्ट होता. बायकोने आईचा खांदा धरला होता, तो तिने सोडला नाही, पण तिचे डोळे भरून आले. मावशींनी चिंबोरी टोपलीत टाकली. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "झाला माजा धंदा. मला वाटलं, यंदा तरी खपंल." आणि मग त्या आईच्या मागे जाऊन बसल्या आणि त्यांनी तेलाची वाटी मागितली. 

त्यानंतर बोलणं लगेच आलं असं नाही. दिवसाला एखादा शब्द, कधी तोही नाही. नंतर बोलणं शिकवायला एक मुलगी येऊ लागली, तिने खूप मेहनत घेतली. पण पहिला शब्द तो होता.

मानेच्या वर तळहाताएवढा एक भाग शेवटपर्यंत सुटला नाही. तिथले केस तुटून तुटून भुसा झाले होते. मावशींनी तीन दिवस त्याच्यावर घालवले आणि मग हात थांबवला. आईच्या समोर येऊन बसल्या. "बाई, बाकीचं मी सोरवलं. एवढं मला जमत न्हाय. कापू का?" आईने बराच विचार केला. मग मान हलवली. हो. मावशींनी माझ्याकडे कात्री मागितली आणि तेवढाच भाग, अगदी कडेकडेने, कापला.

मग बायकोने रिठ्याच्या पाण्याने आईचे केस धुतले. तेलाचा चिकटपणा जायला दोन दिवस लागले. केस तुटून टोकं वरखाली झाली होती, ती सारखी केली. केस आता खांद्याच्या थोडे खाली येत होते, पूर्वीच्या निम्मेही दाट नव्हते आणि मधून मधून पांढरे दिसत होते. पण ते मऊ होते. फणी वरून खाली सरळ जात होती. बायकोने बारीकशी वेणी घातली आणि आरसा समोर धरला. आई बघत राहिली. मग डाव्या हाताने तिने वेणी पुढे घेतली.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या आणि मावशींचं रोजचं येणं थांबलं. मी एका रविवारी थळला गेलो. त्यांना साडी घेतली होती, आणि नीट आभार मानायचे होते. काय बोलायचं ते वाटेत मनात जुळवतही होतो. किनाऱ्यावर होडी नुकतीच लागली होती, मावशी चिखलात उभं राहून मासळी निवडत होत्या, भोवती दहा जणी. मी पिशवी पुढे केली. त्यांनी ओले हात दाखवले आणि म्हणाल्या, "घरात सुनंकडं दे. आन तू इथं काय करतोस? आज रविवार ना? बाईंच्या डोक्याला तेल कोन लावनार?"  मी साडी सुनेकडे दिली आणि तेल लावायला परत आलो.

त्या दिवसापासून दर बुधवारी आणि रविवारी आईच्या केसांना तेल मी लावतो. दुधाचं तेल दर वेळी जमत नाही, हिवाळ्यात खोबरं वाळवून घाण्यावरून काढून आणतो. उन्हाळ्यात केस फार कोरडे झाले तर त्यात थोडं एरंडेल मिसळतो, फार नाही, नाहीतर धुताना निघत नाही. आधी टोकांना, मग वर. तेल तळहातावर चोळून कोमट होऊ द्यायचं. डोकं रगडायचं नाही. हे सगळं आता मला येतं. कापलेल्या जागी नवे केस आलेत, चार बोटं झाले असतील, ते वेणीत बसत नाहीत आणि मानेवर ताठ उभे राहतात.

आई आता काठी घेऊन वाडीच्या दगडी गडग्यापर्यंत जाते. बोलते, अडखळत, शब्द शोधत. अलीकडेच एका रविवारी तेल लावताना मी तिला विचारलं, "आई, तेव्हा कात्री बघून तू हात का ठेवलास गं डोक्यावर?" मला वाटलं होतं, काही आठवण असेल, माझ्या वडिलांची वगैरे. त्यांना जाऊन खूप वर्षं झाली.

आईने बराच वेळ घेतला. मी हात थांबवला नाही.

"बोलता... येत नव्हतं," ती म्हणाली. "उजवा हात हलत नव्हता. सगळे... माझ्यासाठी... ठरवत होते. तुम्ही चांगलंच ठरवत होतात. पण मला... एक तरी... मी ठरवायचं होतं."

 बायको आतून चहा घेऊन आली होती, तिनेही ते ऐकलं. तिने कप खाली ठेवला, आईच्या शेजारी बसली आणि विचारलं, "आई, आज वेणी घालू की अंबाडा?"

"मोकळे," आई म्हणाली. "थोडा वेळ... मोकळे राहू देत."